अलीच्या फोटोखाली हेही छापा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

३ जून, म्हणजे मुष्टियोद्धा मुहम्मद अलीचा स्मृतिदिन, जवळ आला की त्याचे तेच दोन फोटो सगळीकडे फिरू लागतात. एकात तो लुइस्टनच्या रिंगमध्ये आडव्या पडलेल्या सनी लिस्टनकडे बघत, उजवा हात छातीशी आवळून ओरडतो आहे. दुसऱ्यात अटलांटाला, थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवतो आहे. पहिल्या फोटोत तो २३ वर्षांचा, दुसऱ्यात ५४ वर्षांचा. मधल्या ३१ वर्षांत त्या हाताचं काय झालं, हे मात्र कुणी छापत नाही. आम्ही काही जण मुलांना मुष्टियुद्ध शिकवतो, काही जण पंच म्हणून रिंगमध्ये उभे राहतो. अलीचे व्हिडिओ बघून हात कमरेशी सोडून नाचणारी मुलं आमच्याकडे रोज येतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे पत्र लिहितो आहोत. छापावं, ही विनंती.

चरित्र बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जन्म १७ जानेवारी १९४२, केंटकी राज्यातलं लुइव्हिल, नाव कॅशियस क्ले. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आई लोकांच्या घरी काम करायची. बाराव्या वर्षी सायकल चोरीला गेली, चोराला बदडून काढीन म्हणून पोरगा तणतणत होता, आणि तक्रार ऐकणारा पोलीस जो मार्टिन योगायोगाने मुलांना बॉक्सिंग शिकवणारा निघाला. १९६० ला रोम ऑलिंपिकमध्ये ८१ किलो गटात सुवर्ण. २५ फेब्रुवारी १९६४ ला मायामी बीचला लिस्टनला हरवून २२ व्या वर्षी जगज्जेता. त्यानंतर लगेच नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीयांच्या धार्मिक संघटनेतला प्रवेश जाहीर केला आणि नवं नाव घेतलं. २८ एप्रिल १९६७ ला व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार. जगज्जेतेपदाचा पट्टा गेला, लढण्याचे परवाने गेले, ५ वर्षांची कैद आणि १०,००० डॉलर दंड ठोठावला गेला. अपील चालू असल्याने तुरुंगात जावं लागलं नाही, आणि २८ जून १९७१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. हा माणूस कणा ताठ ठेवून जगला, यात कुणाचं दुमत नसावं. आमचंही नाही.

पण आमच्या कामाचा अली वेगळा आहे. त्याच्या ६१ व्यावसायिक लढतींचे दोन तुकडे पडतात. मार्च १९६७ पर्यंतच्या २९ आणि ऑक्टोबर १९७० पासूनच्या ३२. पहिल्या २९ मध्ये एकही पराभव नाही. पाचही पराभव दुसऱ्या तुकड्यातले. मध्ये ४३ महिन्यांची बंदी, आणि तीही २५ ते २८ या वयात, म्हणजे मुष्टियोद्ध्याचे पाय सगळ्यांत चांगले चालतात त्या वर्षांत. त्याच्या शरीराचं पुढे जे झालं त्याचं मूळ या ४३ महिन्यांत आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते पटायला आधी त्याची शैली नीट समजून घ्यावी लागेल.

अलीची उंची ६ फूट ३ इंच, दोन्ही हात पसरल्यावर लांबी ७८ इंच. तो हात खाली ठेवायचा आणि ठोसा आला की डोकं मागे घ्यायचा. वस्तादाच्या पुस्तकात या दोन्ही गोष्टी चुकीच्या. तरी त्याला चालून जायचं, कारण त्याचा बचाव पायांत होता. समोरच्याचा ठोसा जिथे संपतो त्याच्या दोन-तीन इंच पलीकडे तो सतत असायचा. डोकं मागे घेतानाच मागचा पाय सरकायचा, त्यामुळे वजन टाचेवर अडकायचं नाही आणि परतीचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तिथूनच सुटायचा. १४ नोव्हेंबर १९६६ ची ह्यूस्टनमधली क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची लढत सावकाश करून बघा, आणि ठोसे सोडून फक्त पाय बघा. उजवा पाय आधी सरकतो, मग खांदा, मग डोकं. मुलं नेमकी उलटी नक्कल करतात. डोकं आधी मागे टाकतात आणि पाय जागेवरच राहतात. मग पहिला ठोसा चुकतो, पण दुसऱ्याला चुकवायला जागाच उरत नाही, कारण पाठ आधीच कमानीसारखी वाकलेली असते. त्यातून डाव्या हाताचा हुक, म्हणजे कोपर वाकवून मारलेला ठोसा, बाजूने येतो. मागे वाकलेल्या माणसाला तो दिसत नाही, आणि मान सैल असल्याने डोकं फिरकीसारखं फिरतं. मेंदूला इजा होते ती याच फिरण्याने. सरळ नाकावर बसलेल्या ठोशापेक्षा हनुवटीला बाजूने लागलेला ठोसा माणसाला पाडतो, तो त्यामुळेच.

खुद्द अलीलाही ही किंमत मोजावी लागली, आणि बहुतेक वेळा डाव्या हुकनेच. १८ जून १९६३ ला लंडनच्या वेम्ब्लीवर हेन्री कूपरने चौथ्या फेरीच्या अगदी शेवटी त्याला खाली पाडलं. घंटा झाली म्हणून वाचला. त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने हातमोज्याची उसवलेली शिवण पंचांना दाखवून आणखी थोडे सेकंद मिळवले. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने पंधराव्या फेरीत पाडलं. तो ठोसा नशिबाचा नव्हता. फ्रेझरच्या कोपऱ्यातल्या, म्हणजे फेऱ्यांमध्ये त्याला सांभाळणाऱ्या चमूतल्या, एडी फचने आधीच हेरून ठेवलं होतं की अली उजव्या हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारायला निघाला की उजवी मूठ खाली जाते आणि तो सरळ ताठ उभा होतो, तेवढ्या क्षणी उजवी बाजू उघडी असते. फ्रेझरला तोच क्षण सांगितलेला होता. पुढे ३१ मार्च १९७३ ला सॅन दिएगोत केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला, तेव्हा नॉर्टनच्या कोपऱ्यातही फचच होता. जगातल्या सर्वांत वेगवान हेवीवेटची चूक कागदावर मांडता येत होती. आपल्या चौदा वर्षांच्या पोराची चूक समोरच्याला दिसणार नाही, असं कुणी धरून चालू नये.

आता त्या ४३ महिन्यांकडे. परत आल्यावर पाय पहिल्यासारखे राहिले नाहीत. पंधरा फेऱ्या नाचणं जमेना. मग जवळ उभं राहावं लागलं, ठोसे बसू लागले, आणि तेव्हा अलीला कळलं की आपण मार सोसू शकतो. त्याचे कोपऱ्यातले डॉक्टर फर्डी पाचेको हा शोध चांगलाही मानत आणि वाईटही. आमच्या मते तो वाईटच ठरला. सोसता येतं हे एकदा कळलं की माणूस चुकवायचं कमी करतो. पेनसिल्व्हेनियातल्या डिअर लेकच्या सराव तळावर अली दोरांना टेकून उभा राहायचा आणि साथीदारांना स्वतःला मारू द्यायचा, अंग टणक होईल म्हणून. बरगड्यांवरचे, दंडावरचे स्नायू सरावाने थोडेफार घट्ट होतात. डोक्याच्या आतलं काही टणक होत नाही. अशा सरावात किती ठोसे बसले याची नोंद कुठेच नाही. ६१ लढतींच्या ५४८ फेऱ्या मोजता येतात, तळावरच्या फेऱ्या कुणी मोजल्या नाहीत.

याच सवयीतून ३० ऑक्टोबर १९७४ ची किन्शासाची लढत जिंकली गेली, म्हणून तिच्यावर थोडं थांबायला हवं. समोरचा जगज्जेता जॉर्ज फोरमन तेव्हा २५ वर्षांचा, ४० लढतींत ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. फ्रेझर आणि नॉर्टन या दोघांनाही त्याने दोन-दोन फेऱ्यांत गुंडाळलं होतं. ३२ वर्षांचा अली दुसऱ्या फेरीपासून दोरांना टेकला. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, मुठी गालांशी, कंबरेतून मागे इतका झुकलेला की डोकं दोरांच्या बाहेर. फोरमनचे रुंद, फिरवून मारलेले ठोसे दंडांवर, मनगटांवर आणि दोरांत मुरत होते. मिठी पडली की अली त्याची मान खाली दाबून धरायचा, म्हणजे अलीचं वजन फोरमनच्या मानेवर आणि पायांवर. फेरी संपत आली की अर्धा मिनिट सरळ, नेमके ठोसे, म्हणजे गुण आपल्याकडे. आठव्या फेरीअखेर फोरमनचे खांदे गळाले तेव्हा अली दोरांवरून निघाला आणि शेवटच्या उजव्या ठोशाने काम झालं.

या लढतीची नक्कल हौशी स्पर्धेत का जमत नाही, हे मुलांना आकड्यांत सांगावं लागतं. आपल्याकडे जास्तीत जास्त ३ मिनिटांच्या ३ फेऱ्या असतात. समोरच्याला थकवायला वेळच नाही, ९ मिनिटांत खेळ संपतो. परीक्षक १० गुणांच्या पद्धतीने प्रत्येक फेरी जिंकणारा ठरवतात, दोरांवर टेकून पहिली फेरी गेली की तिथेच अर्धी लढत गेली. उत्तर न देता ठोसे खाणाऱ्याला पंच आठपर्यंत मोजतो, आणि मोजलंच पाहिजे. शिवाय ठोसा मनगटावर झेलायला मनगट जिथे हवं तिथे असावं लागतं. ते अर्धा इंच सरकलं की तोच ठोसा कानशिलावर. फोरमनविरुद्धही सगळे ठोसे काही दंडांवर बसले नव्हते.

एक वर्षाने, १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलाजवळच्या केझॉन सिटीत तिसरी फ्रेझर लढत. सकाळची वेळ, आत भट्टीसारखा उकाडा, १४ फेऱ्या. फ्रेझरचे डोळे सुजून बंद होत आले होते, अलीचा उजवा ठोसा त्याला दिसतच नव्हता. तरी फ्रेझर पंधराव्या फेरीसाठी उठायला निघाला होता. एडी फचने त्याला बसवलं आणि लढत सोडली. तेव्हा अलीही स्टुलावरून धड उठण्याच्या स्थितीत नव्हता. मरणाच्या याहून जवळ आपण कधी गेलो नाही, असं तो नंतर म्हणाला. आमच्या क्षेत्रात फचचा तो निर्णय म्हणजे कोपऱ्यातल्या माणसाने काय करायचं असतं याचा धडा आहे. जगज्जेतेपद एका फेरीवर होतं आणि त्याने आपल्या माणसाचे डोळे आणि जीव मोठा मानला.

अलीला असा माणूस वेळेवर भेटला नाही. मनिलानंतर तो आणखी १० वेळा लढला. २९ सप्टेंबर १९७७ ला अर्नी शेव्हर्सबरोबर पंधरा फेऱ्या झाल्या. शेव्हर्ससारखे जड ठोसे त्या काळात फार थोड्यांचे होते. त्या लढतीनंतर मूत्रपिंडांना इजा होत असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाचेकोंनी तो अलीला, त्याच्या पत्नीला आणि जवळच्या माणसांना कळवला. उत्तर कुणाचंच आलं नाही, तेव्हा पाचेको बाजूला झाले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या लढती ठरवणारे टेडी ब्रेनर यांनी जाहीर केलं की यापुढे गार्डनमध्ये अलीची लढत लावणार नाही. तेव्हा अली ३५ वर्षांचा होता आणि अजून जगज्जेता होता. सूज्ञ माणसं बोलली नाहीत असं नाही. त्यांचं ऐकणं कुणालाच बांधील नव्हतं, एवढंच.

१९८० च्या जानेवारीत निवृत्त अली भारतात आला होता. दिल्लीत त्याने पंजाबच्या कौर सिंग यांच्याबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत केली. कौर सिंग यांनी पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. आपल्याकडे त्या भेटीच्या आठवणी अजून निघतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये काय झालं, तेही आठवायला हवं.

२ ऑक्टोबर १९८०, लास व्हेगास. समोर लॅरी होम्स, ३० वर्षांचा, अपराजित, आणि पूर्वी डिअर लेकला अलीचाच सराव-साथीदार. लढतीआधी अलीची मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली होती. बोटाने नाक पटकन आणि नेमकं गाठता येत नाही, एका पायावर लंगडी घालताना तोल सफाईने सांभाळत नाही, बोलताना शब्दांची जुळणी किंचित अडते, अशा नोंदी अहवालात होत्या. तरी लढण्यास मनाई करावी असं त्यात म्हटलेलं नव्हतं आणि परवाना मिळाला. वजन उतरवायला थायरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. वजनकाट्यावर २१७.५ पौंड भरले, म्हणजे ९९ किलोंच्या आत, जवळपास फोरमनच्या वेळेइतकं. फोटोत पोट सपाट दिसलं आणि लोक म्हणाले, जुना अली परत आला. त्या गोळ्या काय करतात ते आमच्या मुलांनी लक्षात ठेवावं. शरीराची भट्टी विनाकारण वाढते, चरबीबरोबर स्नायूही झिजतात, हृदय दौडतं, अंग तापतं. काटा खाली येतो आणि ताकद त्याहून वेगाने जाते. रिंगमध्ये उभा होता तो आतून रिकामा झालेला माणूस.

होम्सने एकामागून एक फेऱ्या जिंकल्या. अली मारत नव्हता, हलत नव्हता. होम्सलाच त्याला मारवेना, तो पंचांकडे बघून लढत थांबवा म्हणून खुणावत होता. दहावी फेरी संपली. डंडीने पंचांना सांगितलं की मुख्य सहायक मी आहे आणि मी लढत थांबवतो. कोपऱ्यातलाच बंडिनी ब्राऊन, अलीचा वर्षानुवर्षांचा साथी, डंडीचा स्वेटर ओढत आणखी एक फेरी मागत होता. डंडीने ऐकलं नाही. ६१ लढतींत वेळेआधी थांबवली गेलेली ही अलीची एकमेव हार. त्या स्वेटरवरच्या हाताबद्दल आम्हाला नेहमी वाटत आलं आहे की प्रत्येक मुष्टियोद्ध्याच्या कोपऱ्यात एक डंडी आणि एक ब्राऊन असतोच. प्रेम दोघांचंही खरं. म्हणून निर्णयाचा अधिकार कुणाचा हे लढतीआधी ठरलेलं असावं. घंटा वाजल्यावर ते ठरत नाही.

यानंतरही एक लढत झाली. ११ डिसेंबर १९८१, बहामा बेटांवरचं नसाऊ, समोर ट्रेव्हर बर्बिक. हातमोज्यांच्या पुरेशा जोड्या नव्हत्या, कार्यक्रम रखडला, आणि फेरीची घंटा म्हणून गाईच्या गळ्यातली घंटा वाजवावी लागली. दहा फेऱ्या, गुणांवर पराभव, वय ३९. अलीच्या कारकिर्दीचा शेवटचा आवाज तो.

१९८४ ला पार्किन्सनच्या लक्षणांचं निदान झालं. त्याला झालेला आजार ठोशांमुळेच झाला की नाही, यावर डॉक्टरांमध्ये वाद आहे आणि तो सोडवण्याचा अधिकार आमचा नाही. पण एक मोजमाप वादाबाहेरचं आहे. त्याच्या दूरचित्रवाणीवरच्या जुन्या मुलाखती घेऊन संशोधकांनी बोलण्याचा वेग मोजला. १९६८ ते १९८१ या काळात तो २६ टक्क्यांनी मंदावला होता. निदान १९८४ चं, घसरण त्याआधी कितीतरी वर्षांची. ज्या माणसाचं बोलणं जगाला पाठ होतं, त्याचंच बोलणं हळू पडताना सगळ्यांनी ऐकलं आणि लढतीची तिकिटंही काढली.

त्याच्या नावाचा कायदा अमेरिकेत मे २००० मध्ये झाला. प्रवर्तक (लढत भरवणारा) आणि मुष्टियोद्ध्याचा व्यवस्थापक यांचे हितसंबंध वेगळे ठेवणं, लढतीतून कुणी किती पैसे घेतले ते उघड करणं, मुष्टियोद्ध्याला जबरदस्तीच्या लांब करारात न बांधणं, हा त्याचा गाभा. डॉक्टर, रुग्णवाहिका, वैद्यकीय तपासणी हे त्याआधीच, १९९६ च्या कायद्यात आलं होतं. फेऱ्या १५ च्या १२ झाल्या त्या मात्र एका मृत्यूमुळे. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू लास व्हेगासला चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी गेला. नियम असे बदलतात. हे दोन्ही कायदे व्यावसायिक लढतींचे आहेत. आपल्या तालुक्यातल्या जिममध्ये संध्याकाळी सहाला जे चालतं, त्याला ते लागू नाहीत. तिथे लागू होतो तो फक्त शिकवणाऱ्याचा विवेक, म्हणून पुढचं लिहितो.

नव्या मुलाला पहिले तीन महिने डोक्यावर ठोसा बसेल असा सराव देऊ नका. पवित्रा, पाय, जॅब, सावलीशी सराव, बॅग, पॅड, एवढं पुरतं. जोडीचा सराव सुरू झाला की आधी फक्त जॅब, तोही स्पर्शापुरता. हातमोजे १४ किंवा १६ औंसांचे. स्पर्धेचे १० औंसांचे मोजे जिममध्ये जोडीच्या सरावाला वापरणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. डोक्याचं कवच घाला, पण ते भुवई फुटू देत नाही एवढंच त्याचं काम, आत मेंदू हलतो तो हलतोच. कवच आहे म्हणून जोरात मारायची मुभा मिळते आणि नुकसान वाढतं, हे नेहमी बघायला मिळतं. जोराचा सराव आठवड्यातून एकदाच, आणि स्पर्धेच्या आधीचे सात ते दहा दिवस अजिबात नाही. वजनात १०-१२ किलोंचा फरक असलेली जोडी लावायची नाही. मोठ्या पोराला दमवायला लहान पोर आत ढकलणं तर कुठल्याही कारणाने नाही.

प्रत्येक मुलाची एक वही ठेवा. तारीख, कुणाबरोबर, किती फेऱ्या, किती जोराच्या, नंतर डोकं दुखलं का. अलीच्या तळावर जे मोजलं गेलं नाही ते आपण शंभर पानी वहीत मोजू शकतो. दुसरं, वर्षातून दोनदा मुलाला पाठ्यपुस्तकातला तोच एक परिच्छेद वाचायला लावा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून तारखेनिशी ठेवा. ही काही तपासणी नव्हे, पण चार-पाच वर्षांनी शंका आली तर डॉक्टरांपुढे ठेवायला काहीतरी असेल. एका पायावर वीस सेकंद उभं राहणं, एका रेषेत टाचेला पायाचं बोट लावून चालणं, महिन्यांची नावं उलटी म्हणणं, हे हंगामाच्या सुरुवातीला नोंदवून ठेवा. मार बसल्यावर तेच पुन्हा करून घेतलं की फरक दिसतो.

मार बसून मुलगा गोंधळला, तोल गेला, त्याला मळमळलं, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, तर त्या दिवशी सराव संपला. ‘पाणी मार, दोन मिनिटं बस, पुन्हा उतर’ हे चालणार नाही. रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका, घरी फोन करून सांगा. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, एक बाहुली मोठी दिसणं, जागं करायला त्रास होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात. ते कुठलं आणि किती मिनिटांवर, हे जिमच्या भिंतीवर लिहिलेलं असावं. परत आणताना आधी विश्रांती, मग चालणं किंवा सायकल, मग सावलीशी सराव, मग बॅग, मग पॅड, आणि ठोसा खायचा सराव डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरच. पायऱ्यांमध्ये किमान एकेक दिवस, आणि त्रास परत आला तर एक पायरी खाली. स्पर्धेत डोक्याच्या मारामुळे लढत थांबली तर हौशी नियमांत किमान ३० दिवसांची बंदी असते, आणि मार पाठोपाठ बसले तर ती काही महिन्यांची होते. पोराचं नाव दुसऱ्या जिल्ह्यातून घालून ही बंदी चुकवणाऱ्याला प्रशिक्षक म्हणू नये.

वजनाचं एकच सांगतो. अंगाला प्लास्टिक गुंडाळून धावणं, जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या, आदल्या दिवसापासून पाणी बंद, हे सगळं आपल्या मैदानांवर आजही चालतं. दोन दिवसांत तीन किलो उतरतात ते पाणी असतं. काट्यावर मुलगा पास होतो आणि पहिल्या फेरीतच पाय जड पडतात, हात वर राहत नाहीत. मग ठोसे डोक्यावर. वाढत्या वयाच्या मुलाला वरच्या वजनगटात लढवा. एखादं पदक जाईल, जाऊ द्या.

आईवडिलांनी जिममध्ये नाव घालताना फी विचारतात तशा चार गोष्टी विचाराव्यात. जोडीचा सराव कितव्या महिन्यात? आठवड्यात किती वेळा? मार बसला तर कोणत्या रुग्णालयात? आणि लढत थांबवायची असेल तर टॉवेल कुणाच्या हातात? शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एकच नाव यायला हवं. ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं तर मुलाला घेऊन घरी परत जा.

संपादक महोदय, यंदाच्या ३ जूनला लिस्टनवर ओरडणाऱ्या अलीचा फोटो जरूर छापा, आमच्याही जिममध्ये तो लावलेला आहे. त्याच्या शेजारी दोन रकान्यांची जागा काढून हे चार प्रश्नही छापा.

आपले,
मुष्टियुद्ध प्रशिक्षक आणि पंच, पुणे